बादलीला लाथ मारण्याआधी

‘किक द बकेट म्हणजे मरणे’ एवढी ओळ इंग्रजी वाक्प्रचारांच्या पाठांतराच्या याद्यांत हमखास असते, आणि बहुतेक वेळा तेवढीच असते. ती पाठ करून एखाद्या विद्यार्थ्याने ‘माय ग्रँडफादर किक्ड द बकेट लास्ट इयर’ असं लिहिलं, तर व्याकरणाची चूक काढता येणार नाही. कर्ता बरोबर, काळ बरोबर, अर्थही यादीबरहुकूम. तरीही इंग्रजी ज्याच्या कानात मुरली आहे तो हे वाक्य वाचून दचकेल, कारण त्याला ते ‘गेल्या वर्षी आमचे आजोबा गचकले’ असं ऐकू येईल. विद्यार्थ्याला दोष देता येत नाही, कारण त्याला सांगितलं तेवढं त्याने चोख केलं. खोट आहे ती अर्थ कळला की वापर आलाच, या समजुतीत. कोणी, कोणाबद्दल आणि कोणासमोर बोलावं हे अर्थाच्या रकान्यात मावत नाही, आणि नेमकं तेवढंच न शिकवता आपण ‘वाक्यात उपयोग करा’ म्हणून गुण देतो.

हे मराठी माणसाला पटवून द्यावं लागू नये. मरणाबद्दल बोलताना आपण जेवढी काळजी घेतो तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाबद्दल घेत असू. शेजारचे काका ‘गेले’ किंवा ‘वारले’, वृत्तपत्रातल्या नेत्याची ‘प्राणज्योत मालवली’, कादंबरीतला खलनायक ‘खपला’. नावाआधी लागणारं ‘कै.’ आणि वारकऱ्याच्या नावाआधी येणारं ‘वै.’ यांची अदलाबदल केली तर पंढरीच्या वाटेवरचा माणूस लगेच टोकेल. मुस्लिम व्यक्तीसाठी ‘पैगंबरवासी’ लिहिण्याचा प्रघात आहे. बाबासाहेबांच्या बाबतीत ६ डिसेंबरला आपण ‘महापरिनिर्वाण’ म्हणतो, आणि तिथे दुसरा शब्द घातला तर तो फक्त वेगळा वाटत नाही, खुपतो. कोशात पाहिलं तर या सगळ्यांचा अर्थ एकच. ही पारख कोणी यादी देऊन शिकवलेली नाही. घरात, दारात, अंत्ययात्रेत ऐकून ती आली. मराठीच्या पेपरात ‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न चालून जातो तो याच पुंजीवर. इंग्रजीचा पेपर सोडवणाऱ्या बहुसंख्य मुलांकडे ती नसते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली, पण तास सुरू झाला म्हणून कान तयार होत नाही.

‘किक द बकेट’ची पायरी कोणती, याचा पुरावा जुना आहे. फ्रान्सिस ग्रोस यांनी १७८५ साली लंडनमध्ये ज्या कोशात त्याची नोंद केली, तो कोश मुळात रस्त्यावरच्या, शिपायांच्या आणि चोराचिलटांच्या बोलीचा होता. आजही इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या ऑक्सफर्डच्या कोशात त्याच्यापुढे अनौपचारिक आणि विनोदी अशी खूण असते. कोशातून यादीत उतरताना अर्थ येतो आणि खूण गळते. ही बादली आली कुठून, यावर मात्र भरपूर लिहिलं जातं. कोणी म्हणतो, गळफास घेणारा पायाखालची बादली लाथाडतो त्यावरून. कोणी म्हणतो, कापलेलं डुक्कर ज्या आडव्या दांडीला टांगत तिला इंग्लंडच्या काही भागांत ‘बकेट’ म्हणत त्यावरून. दुसरी उपपत्ती अधिक संभवनीय मानतात, छातीठोकपणे कोणी सांगत नाही. गोष्ट रंजक आहे, पण ती ऐकून आजोबांचं वाक्य सुधारत नाही.

वाक्प्रचाराची घडण कुठवर वाकते, हेही अर्थात दिसत नाही. ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणं. त्याचा कर्मणी प्रयोग करून ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ म्हटलं तरी गुपित फुटतंच. ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हटलं की मात्र मरण नाहीसं होतं आणि खरोखरची बादली कलंडते. ननबर्ग, सॅग आणि वॅसो या भाषावैज्ञानिकांनी १९९४ च्या एका गाजलेल्या लेखात याचं कारण दिलं: पहिल्यात फोडणं आणि गुपित असे अर्थाचे दोन तुकडे दोन शब्दांना वाटून देता येतात, दुसऱ्यात मरण कुठल्याच शब्दाच्या वाट्याला येत नाही. शिवाय माणूस तीन आठवडे ‘मरणपंथाला लागलेला’ असू शकतो, पण इंग्रजीत तो तीन आठवडे बादलीला लाथ मारत राहू शकत नाही. मराठीतही ‘तीन आठवडे गचकत होता’ म्हणून पाहा, जीभच अडते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. इंग्रजी आता आपलीही भाषा आहे. लंडनच्या कानाला काय खटकतं याची फिकीर पुण्या-नागपूरने का करावी? करू नयेच, जिथे आपला स्वतःचा संकेत ठरलेला आहे तिथे. ‘हिज फादर एक्स्पायर्ड’ हे वाक्य भारतात सभ्य आणि सहज आहे. इंग्लंडमधल्या माणसाला त्यात दुधाच्या बाटलीवरची तारीख दिसली तर तो त्याचा प्रश्न. ‘बकेट लिस्ट’चंही तसंच. बादलीला लाथ मारण्याआधी करायच्या गोष्टींची ती यादी; २००७ च्या हॉलिवूडपटाने तो शब्द घराघरांत नेला, २०१८ मध्ये त्याच नावाच्या चित्रपटातून माधुरी दीक्षित पहिल्यांदा मराठी पडद्यावर आली, आणि आज पंचविशीतली मुलं मरणाचा विचारही मनात न आणता लडाखला बकेट लिस्टमध्ये टाकतात. इथे समाजाने शब्द आपलासा केला, म्हणून तो बरोबर. ‘किक द बकेट’बाबत असं काहीच घडलेलं नाही. भारतीय इंग्रजीतही शोकसंदेशात तो कोणी लिहीत नाही. परीक्षेच्या वहीतली ती चूक भारतीय इंग्रजीचं स्वातंत्र्य नव्हे, तिलाही ती परकीच आहे.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा असतो: वापरल्याशिवाय मुलं शिकणार कशी? पण आधी हे वाक्प्रचार वापरायची वेळ किती येते ते पाहावं. रोझामंड मून यांनी १९९८ च्या आपल्या पुस्तकात सुमारे १ कोटी ८० लाख शब्दांचा इंग्रजी मजकूर चाळला, तेव्हा बहुसंख्य वाक्प्रचार दहा लाख शब्दांमागे एकदाही येत नाहीत असं दिसलं. यादीतले चटकदार नग तर फारच विरळ. म्हणजे बहुतेकांसाठी वाचताना अडू नये एवढं पुरे, आणि ओळखण्याची परीक्षा वेगळी घेता येते. वापरच तपासायचा असेल तर प्रश्न बदलावा. जुनी स्कूटर कायमची बंद पडली. मित्राला गमतीने कळवा. साठीतले गृहस्थ हसत म्हणतात की लाथ मारण्याआधी एकदा काश्मीर बघायचंय. वर्गमैत्रिणीच्या वडिलांचं निधन झालं. तिला दोन ओळी लिहा. तिन्हींत मरण आहे, ‘किक द बकेट’ पहिल्या दोनांतच चालेल, आणि तिसऱ्यात तो न वापरणाऱ्याला पूर्ण गुण द्यावे लागतील. आजच्या गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नाही.