मेलेल्या बैलाची भरपाई, जगलेल्याचे काय?

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात दिसलेला लम्पी चर्मरोग पाहता पाहता शेजारच्या बुलढाण्यात शिरला. शासनाने गुरांचे बाजार बंद केले, शेळ्यांच्या देवीवरील लस मोफत टोचली आणि मृत गायीस ३०,०००, बैलास २५,००० रुपये साहाय्य ठरविले. रोग माणसास होत नाही. दुधाविषयीची भीती निराधारच होती. मांसाच्या सुरक्षिततेची चर्चा तर फारशी झालीच नाही, कारण २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीसही बंदी आहे. खरी मेख नेमकी तेथेच आहे. रोगातून उठलेल्या, पण औतास निकामी झालेल्या बैलाचे पिंपळगाव राजाच्या कोरडवाहू शेतकऱ्याने करावे काय? तो मेला नाही, म्हणून साहाय्य नाही. खाटकास विकणे गुन्हा. आणि असा बैल दुसरा शेतकरी घेणार नाही. भरपाईच्या हिशेबात त्याच्या वैरणीचा खर्च धरलेलाच नव्हता.