बीटी कपाशीचे ज्ञान शेतकऱ्यास कोठून मिळते?

शेतकरी नवे बियाणे घेतो तो केवळ दुसऱ्याचे पाहून, अविचाराने, असा समज आपल्या कार्यकर्त्यांत रूढ आहे. मला तो मान्य नाही. कर्जतचा शेतकरी मालदांडी ज्वारीचे बी खळ्यावर कणसे पारखून स्वतः राखतो. बीटी कपाशीचे तसे नाही. तिचे संकरित बी दरवर्षी विकत आणावे लागते, आणि मातीतील जिवाणूचा अळीनाशक जनुक त्यात आहे की नाही, हे बी हातात घेऊन कळत नाही. अशा वेळी शेजाऱ्याचे शेत हीच त्याची शाळा होय.

ती शाळा वाईट नव्हे. २००१ साली गुजरातेत बोंडअळीने कपाशीची धूळधाण केली असता काही शेते हिरवीगार उभी राहिली. ते बियाणे मान्यता नसलेले बीटी निघाले. मार्च २००२ मध्ये रीतसर मान्यता मिळाल्यावर हे पीक महाराष्ट्रातही झपाट्याने पसरले. फवारणी वाचते हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला आमच्या व्याख्यानाची गरज नव्हती.

परंतु भरलेली बोंडे दिसतात. बांधालगत साध्या कपाशीच्या पाच ओळी कशासाठी, हे दिसत नाही. त्या ओळींवर वाढलेले पतंग बीटीस न जुमानणाऱ्या पतंगांशी संकर करतात व अळीची प्रतिकारशक्ती लवकर वाढत नाही. हे न समजल्याने साध्या बियाण्याची पुडी अनेकांनी पेरलीच नाही. पुढे फरदडीचा लोभ आला आणि शेंदरी बोंडअळीस वर्षभर अन्न मिळाले. २००६ साली आलेल्या दोन जनुकांच्या कपाशीलाही ती पुरून उरली. २०१७ सालचे नुकसान कपाशी उत्पादक विसरलेले नाहीत.

आता तणनाशक सहन करणाऱ्या, मान्यता नसलेल्या कपाशीचे बी चोरवाटेने येते. २०१९ साली अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ते उघडपणे लावले. खुरपणीच्या मजुरीने जेरीस आलेल्या माणसाला ते का हवेसे वाटते, हे समजण्यासारखे आहे. पण बियाणे उगवले नाही तर पावतीवाचून तो दाद कोठे मागणार? कार्यकर्त्याने निषेध करण्याआधी हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवावा.

पावतीची गोष्ट पेरणीपूर्वी सांगावी, अळीची शेतात दाखवावी. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून पतंग मोजावेत. बोंडे धरल्यावर निरनिराळ्या झाडांवरील वीस हिरवी बोंडे शेतकऱ्याच्याच हातून फोडवावीत. दोन बोंडांत अळी अथवा तिची खूण आढळली, तर फवारणीची वेळ आली असे समजावे. डिसेंबरअखेर पीक मोडून पऱ्हाट्या शेताबाहेर काढाव्यात. बोंडे फोडण्याचे हे काम शक्यतो रस्त्याकडेच्या शेतात करावे, म्हणजे येणारेजाणारे आपोआप थांबतील.