घड्याळ वय विचारत नाही



सायकलच्या शर्यतीचा एक प्रकार आहे. त्याला टाइम ट्रायल म्हणतात. त्यात सगळे एकदम सुटत नाहीत. थोड्या थोड्या वेळाने एकेकाला सोडतात. दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवायचा नाही, असा नियमच आहे. ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल तो पहिला. म्हणजे ही शर्यत घड्याळाशी असते.

या शर्यतीत अमेरिकेच्या क्रिस्टिन आर्मस्ट्राँग या बाईंनी ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके मिळवली. २००८ साली बीजिंगला, २०१२ साली लंडनला आणि २०१६ साली रिओला. आधी त्या पोहणे, सायकल आणि पळणे अशा तिहेरी शर्यती करायच्या. २००१ साली त्यांना खुब्याच्या सांध्यांचे दुखणे निघाले. पळणे सोडावे लागले. मग त्यांनी सायकलच धरली.

२०१० साली त्यांना मुलगा झाला. तो पाच वर्षांचा असताना त्या रिओला गेल्या. तिथे पावसात, चढ-उताराच्या रस्त्यावर जवळजवळ ३० किलोमीटर अंतर त्यांनी ४४ मिनिटे २६ सेकंदांत कापले. दुसऱ्या नंबरच्या बाई फक्त साडेपाच सेकंदांनी मागे राहिल्या. आणि दुसऱ्याच दिवशी आर्मस्ट्राँगबाईंचा ४३ वा वाढदिवस होता!

आपल्याकडे बायकांना लगेच म्हणतात, "आता काय खेळायचं वय हाय का तुझं?" मला हे पटत नाही. त्या घड्याळाने बाईंना वय विचारले नाही. लेकरू आहे का, तेही विचारले नाही. फक्त वेळ मोजला.

कोणी म्हणेल, त्यांना सरावाला वेळ मिळाला, आपल्या आयांना पहाटेपासून काम असते. हे खरे आहे. मग थोडे काम आपण करूया. पाणी आपण भरू, भांडी आपण घासू. मुलांनीसुद्धा!

२६ जानेवारीला आयांची संगीत खुर्ची असते. ती असू द्या. पण सायकलची शर्यत पण ठेवा, असे माझे मत आहे. सायकली कमी आहेत ही अडचण येणार नाही. एकेकीनेच जायचे, म्हणून एकच सायकल सगळ्यांना पुरेल. शाळेपासून देवळापर्यंत जायचे आणि परत यायचे. गुरुजींनी घड्याळ धरावे. जिला सायकल येत नाही तिला आम्ही मुली शिकवू.

पालकांनी याचा जरूर विचार करावा, ही विनंती.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी