दमाणी शेठना अर्ज करण्याआधी

चार दिवसांपासून गावातल्या ग्रुपवर एक अर्ज फिरतोय. 'माननीय राधाकिशनजी दमाणी साहेब, आमच्या चारठाण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी जागा नाही, तरी डीमार्टच्या सीएसआर निधीतून अभ्यासिका बांधून द्यावी, ही नम्र विनंती.' खाली सह्यांची रांग. अर्ज लिहिणारी पोरं माझ्या घरातलीच म्हणा. अभ्यासिका पाहिजे, त्यात वाद नाही. पोलीस भरतीची पुस्तकं घेऊन देवळाच्या ओट्यावर बसणारी लेकरं मी रोज बघतो. तरी मी सही केली नाही. का नाही ते दोन ओळीत सांगायला गेलो, तर उत्तर आलं, 'काका, तुम्हाला कुणाचं चांगलं बघवत नाही.' म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो.

अर्जाच्या मागेच तो नेहमीचा फॉरवर्ड आहे. एका खोलीत वाढलेला माणूस, कॉलेज अर्धवट सोडलेलं, कायम पांढरा शर्ट आणि पांढरी पँट, आणि आज देशातल्या सगळ्यात श्रीमंत लोकांत. यातलं काही खोटं नाही. पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याला 'गरिबी अधिक मेहनत बरोबर अब्जाधीश' एवढंच गणित येतं. एवढ्यावरच माणूस अब्जाधीश झाला असता तर आपल्या शिवारात एकही गरीब दिसला नसता.

आता खरी गोष्ट बघा. दमाणी आधी बॉल बेअरिंगचा व्यापार करायचे. वडील शेअर बाजारातले. वडील गेल्यावर ते त्या धंद्यात आले. 1992 च्या आधी हर्षद मेहता भाव चढवत होता, तेव्हा हे भाव पडतील यावर पैसे लावून बसलेल्यांपैकी. घोटाळा फुटला, मेहता बुडाला, हे तरले. म्हणजे दुकान टाकायच्या आधीच माणसाकडे भरपूर भांडवल होतं. ही ओळ फॉरवर्डमध्ये कधी येत नाही.

आणि पहिलं दुकान कुठलं? डीमार्ट नाही. 1999 च्या सुमाराला नवी मुंबईत नेरूळला त्यांनी 'अपना बाजार'ची फ्रँचायझी घेतली होती. अपना बाजार म्हणजे काय हे आजच्या पोरांना माहीत नसेल. 1948 साली मुंबईत नायगावला गिरणी कामगारांनी काढलेलं सहकारी ग्राहक भांडार. पगार हातात पडला की वाणी लुटतो, मापात मारतो, भेसळ करतो, म्हणून कामगारांनीच एकत्र येऊन घाऊक माल आणायचा आणि आपसात विकायचा. इंग्लंडात रॉचडेल गावच्या विणकरांनी 1844 मध्ये हेच केलं होतं, अठ्ठावीस जण होते ते. दमाणींनी त्या पाटीखाली धंदा चालवून बघितला, काय चालतं आणि काय नाही हे टिपलं, आणि 2002 ला पवईत स्वतःचं डीमार्ट उघडलं. 2017 मध्ये कंपनीचा शेअर 299 रुपयांना विकायला काढला, तो बाजारात आला त्याच दिवशी दुपटीच्या वर गेला. आता दुकानं चारशेच्या वर आहेत.

मला राग येतो तो इथं. गिरणी कामगारांची अक्कल शेठजींनी उचलली, याचा नाही. शहाण्या माणसानं उचलावीच. राग याचा, की ती अक्कल आपल्या लोकांची होती हे आपण विसरलो, आणि आता त्याच शेठजींकडे हात पसरतोय.

त्यांच्या धंद्यात जादू कुठलीच नाही. दुकानाची जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, त्यामुळं भाड्याची कटकट नाही. माल देणाऱ्याचे पैसे आठ-दहा दिवसांत चुकते. दुसरे दुकानदार त्याला महिना-महिना लटकवतात, म्हणून तो यांना भाव कमी लावतो. तो कमी भाव थोडा गिऱ्हाईकाला सोडायचा, माल पटापट हलवायचा. झगमगाट नाही. आणि उधारी अजिबात नाही.

या उधारीवर जरा थांबतो. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. जूनमध्ये पेरणी झाली की लोकांच्या हातात पैसा नसायचा. सोयाबीन, कापूस येईपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, गाव आमच्या वहीवर जेवायचं. वडील त्याबदल्यात भाव वाढवून लावायचे, हे मी लपवत नाही. पण कुणाच्या घरी मयत झाली तर रात्री दार वाजवून साखर-पत्ती नेली जायची. ते डीमार्टात होत नाही. तिथं पैसे टाका, पिशवी उचला. तेव्हा 'वाणी लुटारू आणि दमाणी दानशूर' असं जे लिहिताय, ते जरा सांभाळून लिहा. आणि दुसऱ्या बाजूला 'डीमार्टवर बहिष्कार टाका' म्हणणारे दोघं-तिघं आहेत, त्यांच्या घरातलं तेलाचं कॅन कुठून आलंय ते मला माहीत आहे.

आता दानाचं. कोरोनात 2020 ला दमाणींनी 155 कोटी दिले. 100 कोटी पीएम केअर्सला, बाकीचे वेगवेगळ्या राज्यांना, त्यात महाराष्ट्राला 10 कोटी. मोठं दान आहे, नाव ठेवायला जागा नाही. पुढच्याच वर्षी दोघा भावांनी मलबार हिलवर 1001 कोटींचा बंगला घेतला. त्यांचा पैसा, घेवोत बापडे. फक्त तो पांढरा शर्ट दाखवून साधेपणाचं कीर्तन माझ्यापुढं करू नका.

ते दान त्यांच्या मर्जीचं. सीएसआर म्हणजे दान नाही, कायदा आहे. 2013 च्या कंपनी कायद्यानं ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकामावर घालावे लागतात. आणि त्याच कलमात लिहिलंय की कंपनी जिथं धंदा करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं. आता सांगा, चारठाण्यात डीमार्ट आहे? नाही. आपण जीपमध्ये बसून संभाजीनगरला जातो, दवाखान्याचं काम उरकतो, येताना दोन पोती भरून आणतो. नफा आपला, पण खरेदी झाली तिथली. त्यांच्या हिशोबात तो संभाजीनगरचा धंदा. म्हणजे आपण त्यांचे गिऱ्हाईक, पण 'स्थानिक' नाही. हा अर्ज कुठल्या टेबलावर जाईल असं वाटतं तुम्हाला?

आपल्याकडे जुनी रीत वेगळी होती. तीनशे साठ देवळांचं गाव म्हणून आपण छाती फुगवतो ना, तर यादवांच्याच काळातला दुसरीकडचा एक दाखला घ्या. चाळीसगावजवळ पाटणला शके 1128 चा, म्हणजे साधारण 1206 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. त्याच्या खर्चासाठी पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या करातला वाटा लावून दिला. म्हणजे जिथं विक्री, तिथंच शाळा. कुणा शेठच्या मनात येईल तेव्हा नाही, दर विक्रीमागे. आठशे वर्षांपूर्वीची अभ्यासिका अशी चालत होती, भावांनो.

मग आपण काय करायचं? तीनशे घरं धरा. घरटी महिन्याला दोन हजारांचा किराणा, तेल-साबण धरून. वर्षाचे झाले 72 लाख. त्यातला एक टक्का 72 हजार. एका खोलीचं भाडं, वीजबिल, वर्तमानपत्रं आणि पुस्तकांची सुरुवात यात होते की नाही, ते तुम्हीच बघा. गावातल्या वाण्यांना बसवून विचारा: तीनशे घरं रोखीनं तुमच्याकडे घेतील, भाव किती सोडाल, आणि अभ्यासिकेला किती द्याल? नाही जमलं तर ग्राहक भांडार काढा. वेगवेगळ्या घरांतली दहा माणसं लागतात, नोंदणी तालुक्याला सहायक निबंधकाकडे.

'काका, सोसायट्या पुढाऱ्यांनी खाल्ल्या' हे उत्तर येणार, मला माहीत आहे. आपल्या भागातली एक सोसायटी मी डोळ्यादेखत बुडताना पाहिली. संचालकांचे पाहुणे उधारीवर माल न्यायचे आणि वसुलीला कुणी जायचं नाही. म्हणून तर सांगतोय, शेठजींकडून मागायचं तर पैसे नका मागू, त्यांचा उधारी न देण्याचा नियम मागा. हे लिहिताना वडिलांची वही आठवते आणि जरा अवघड वाटतं. पण मयतीच्या घराची साखर वाणी देईल, भांडारानं महिन्याचा माल रोखीनं द्यावा. दोन्ही राहू द्या.

रविवारी संध्याकाळी सहाला मी ओट्यावर बसतो. ज्यांनी अर्जावर सह्या केल्यात त्यांनी घरातली मागच्या महिन्याची किराण्याची बिलं घेऊन यावीत, डीमार्टची असली तरी चालतील. बेरीज मी करतो, वही माझ्याकडं आहे.