पावडरचा डबा आणि जेवणाचा डबा

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही स्टेशनबाहेर पडा, 'खात्रीने वजन कमी करा' अशी पाटी दिसतेच. लोकलच्या दारावर चिकटवलेल्या कागदावरही तेच आणि खाली मोबाइल नंबर. त्याच्या पुढची पायरी म्हणजे सोसायटीच्या तळमजल्यावरचा 'न्यूट्रिशन क्लब'. मुलुंडच्या अशा एका क्लबात मी आठवडाभर गेले होते. सकाळी साडेसहाला तिथे वजनकाटा, शिंप्याची टेप, प्रत्येकीच्या नावाची वही आणि मिक्सरमध्ये फिरणारा व्हॅनिलाच्या वासाचा शेक. वजन उतरले की टाळ्या, चढले की वहीत लाल पेनाने गोल. तो गोल पाहून पन्नाशीतल्या एक बाई मान खाली घालून चपला शोधू लागल्या. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. पावडरचा सगळा धंदा त्या शरमेवर चालतो, आणि ती शरम मुळातच खोट्या समजुतीतून आलेली आहे, हे मला इथे मांडायचे आहे.

आधी पूर्वपक्ष. 'हे नैसर्गिक आहे, अपाय नाही,' असे सगळ्यात ठासून सांगितले जाते. या डब्यांवर हटकून आढळणारे एक नाव म्हणजे गार्सिनिया कंबोजिया. हे झाड आपल्या कोकमाचे चुलत भावंड, केरळात त्याची वाळवलेली फळे माशाच्या कालवणात घालतात. म्हणजे खाण्याची वस्तू आहे, यात वाद नाही. पण चरबी उतरवते का? १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे चाचणी झाली. निम्म्यांना याचा अर्क, निम्म्यांना नुसती गोळी. अर्कवाल्यांचे वजन सरासरी ३.२ किलो घटले, नुसत्या गोळीवाल्यांचे ४.१. दोन्ही गटांना कमी उष्मांकाचा आहार दिला होता, आणि वजन घटले ते त्या आहाराने.

नुसते निरुपयोगी असते तर पैसे गेले म्हणून सोडून देता आले असते. पण यात धोकाही आहे. सिब्युट्रामिन नावाचे भूक मारणारे औषध हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढवते, म्हणून २०१०मध्ये युरोप-अमेरिकेत आणि फेब्रुवारी २०११मध्ये भारतात बंद झाले. दुकानातून गेले, पण 'हर्बल' कॅप्सुलांत लपून राहिले. २००७ ते २०१६ या काळात अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वजन घटवणाऱ्या ३१७ उत्पादनांत न सांगता मिसळलेली औषधे सापडली. त्यांतल्या २६९ उत्पादनांत सिब्युट्रामिन होते. वेष्टनावर मात्र पाने आणि फुले.

माझ्या धाकट्या जावेने अशाच कॅप्सुला मोबाइलवरून मागवल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात तोंड कोरडे, झोप नाही, आणि एका रात्री छातीत इतकी धडधड की आम्ही तिला रिक्षात घालून इस्पितळात नेले. नाडी १२८. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "वजनासाठी काही घेता का?" त्या कॅप्सुलांत काय होते ते कुणी तपासले नाही, म्हणून त्यांत अमुकच होते असे मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांना तो प्रश्न आधी सुचला, म्हणजे अशा बायका त्यांच्याकडे नेहमी येत असणार.

'पण माझे आठ किलो उतरले,' असे सांगणाऱ्याही भेटतात. त्या खोटे बोलत नाहीत. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण सोडून दोन पेले शेक घेतला तर कुणाचेही वजन उतरेल, मग पेल्यात पावडर असो की घरचे ताक. पहिल्या आठवड्यातली घट तर बहुतांशी पाण्याची असते. 'स्लिमिंग टी'मध्ये अनेकदा सोनामुखी असते. आजी पोट साफ व्हायला द्यायची तीच. तिने पोट मोकळे होते, काट्यावर किलोभर कमी दिसते, चरबी जागच्या जागी राहते. आणि शेक सुटला की वजन परत येते. तेव्हा क्लबातली ताई सांगते, 'तुम्ही सातत्य ठेवले नाही.' श्रेय डब्याचे आणि दोष बाईचा, हा हिशेब मला मान्य नाही.

मग विकणारे परवान्याकडे बोट दाखवतात. डब्यावर चौदा आकडी अन्नपरवाना असतो हे खरे. तो मिळतो अन्न तयार करायला, वजन उतरते हे सिद्ध केल्याबद्दल नव्हे. पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापणे बंधनकारक आहे. डबा फिरवून बारीक अक्षरांत शोधा, सापडेल. १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला मनाई आहे, त्या यादीत स्थूलता आहे. परवाना अन्न म्हणून घ्यायचा, त्यामुळे औषधाच्या चाचण्या चुकतात, आणि गिऱ्हाइकाशी मात्र औषधाच्या भाषेत बोलायचे! वांद्र्यात अन्न व औषध प्रशासनाचे मुख्यालय आहे. त्यांनी पावडरींचे नमुने स्वतःहून उचलून तपासावेत आणि निकाल मराठीत जाहीर करावेत, ही मागणी मोठी नाही.

आता त्या शरमेमागची खोटी समजूत, म्हणजे आळशीपणाचा आरोप. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ला देशातल्या २०.६ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या किंवा स्थूल होत्या, २०१९-२१मध्ये २४ टक्के झाल्या. पाच वर्षांत देशातल्या बायका एकदम आळशी झाल्या, असे कोण म्हणेल? बोरिवलीहून सात पन्नासची चर्चगेट लोकल पकडणारी बाई पाचला उठते. परतीच्या गाडीत मटार सोलते, साडेआठला घरी पोचते, मग कणीक भिजवते, आणि दहाला जेवते. मधल्या बारा तासांत तिने खुर्चीत बसून काम केले आणि चारला भूक लागली तेव्हा ऑफिसखालचा वडापाव खाल्ला. झोप जेमतेम साडेपाच तास. शरीर यातच जाड होते. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने गेले, तिथे मॉल आणि टॉवर उभे राहिले. अंगमेहनत संपली आणि प्रवासाचा शीण तेवढा उरला.

आपल्या शरीराची घडणही ध्यानात घ्यावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापला गेला. काटा आपल्याला पुरे सांगत नाही. म्हणून टेप हवी: कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८०च्या आत.

उपाय नाहीत असे मी म्हणत नाही. २०१८च्या सुमारास 'दोनदाच जेवा' म्हणणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि 'दर दोन तासांनी खा' म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर यांच्यावरून घराघरांत भांडणे झाली. मला त्या वादात एक मोलाची गोष्ट दिसते. दोघेही घरचेच अन्न खायला सांगत होते, दोघांनीही कुणाच्या हातात पावडर दिली नाही. ज्यांचे वजन खरोखर आजाराच्या पायरीला गेले आहे त्यांच्यासाठी औषधेही आहेत. टिर्झेपटाइड मार्च २०२५मध्ये भारतात आले, वजनासाठीचे सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. चाचण्या झालेली, दुष्परिणाम लिहून ठेवलेली, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी. ती थांबवली की वजन पुन्हा वाढते, हेही त्या चाचण्यांनीच सांगितले. डब्याने असे कधी सांगितले आहे का?

जाऊबाई त्या रात्रीनंतर डॉक्टरांकडे नीट तपासून आल्या. थायरॉइड निघाला, गोळी सुरू झाली. पण मला सांगायचे आहे ते दिराबद्दल. तो कांजूरला नोकरी करतो, सातला घरी येतो. वीस वर्षे तो टीव्हीसमोर बसून बायकोची वाट पाहत असे. आता साडेसातला तो कुकर लावतो, भाजी फोडणीला टाकतो, कणीक मळून ठेवतो. ती आली की दोघे पोळ्या करतात आणि पावणेनऊला जेवतात. मग सोसायटीच्या आवारात फेऱ्या. नऊ महिन्यांत चार किलो उतरले. काट्यावर ती महिन्यातून एकदा उभी राहते, वही ठेवत नाही.