मूर्तिकारांचे पंचांग आणि सरकारी मुहूर्त

मुंबई-पुण्याच्या घरांत गणपती दीड दिवस, पाच दिवस, फार तर दहा दिवस राहतो. रायगड जिल्ह्यातील पेणमध्ये मात्र तो वर्षभर मुक्कामाला असतो. भोगावती नदीच्या काठी आणि धरमतरच्या खाडीपासून जवळच वसलेल्या या छोट्या शहरात एका बाजूला सह्याद्रीच्या पायथ्याचे डोंगर, तर दुसऱ्या बाजूला खाडीच्या भरतीशी झगडणारी खारेपाटातील भातशेती आहे. तांदूळ, मीठ, पोहे आणि पापड ही पेणची जुनी ओळख. रस्ते आणि रेल्वे येण्यापूर्वी येथला व्यापार अंतोरा बंदरातून चालत असे. आज पेणचे नाव घेतले की आधी आठवते ती गणेशमूर्ती. गेल्या काही वर्षांत न्यायालये, प्रदूषण नियंत्रण मंडळे आणि मंत्रालय यांच्यात मूर्तींच्या साहित्यावरून जो वाद चालला आहे, त्याची सर्वाधिक झळ याच गावाला बसते. हा वाद सामान्यतः 'पर्यावरण विरुद्ध रोजगार' अशा ढोबळ शब्दांत मांडला जातो. पेणच्या दैनंदिन जीवनाकडे पाहिले तर त्याचे खरे स्वरूप वेगळे दिसते. तेथे कळीचा मुद्दा आहे तो वेळेचा.

पेणच्या मूर्तिकलेची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मागे जाते. देवधर घराण्याचे नाव या कलेशी आवर्जून जोडले जाते. १८९३ पासून लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली आणि मूर्तीची मागणी घराबाहेर, चौकाचौकांत पोहोचली. मुंबईची बाजारपेठ जवळ असल्याचा लाभ पेणला झाला. पुढे मुंबई-गोवा महामार्ग आणि पनवेल-रोहा रेल्वेमार्ग यांनी तो वाढवला. शहरातील मोजक्या कार्यशाळांतून ही कला हमरापूर, जोहे, कळवे अशा आसपासच्या गावांत पसरली. तेथे आज घराघरांत गणपतीचे कारखाने आहेत. देखण्या, प्रमाणबद्ध मूर्ती आणि डोळ्यांची बोलकी आखणी यांमुळे 'पेणचा गणपती' हे शब्द दुकानाच्या पाटीवर असले तरी गिऱ्हाईक थांबते. परदेशांतील मराठी कुटुंबांकडेही येथून मूर्ती रवाना होतात.

या व्यवसायाचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. एका वर्षीचे विसर्जन आटोपले की दसरा-दिवाळीच्या सुमारास पुढील वर्षाच्या कामाची जुळवाजुळव सुरू होते. साचे दुरुस्त होतात, नवे नमुने घडवले जातात, माती किंवा प्लास्टर भरले जाते. हिवाळा आणि उन्हाळा हा मूर्ती काढण्याचा आणि वाळवण्याचा काळ. समुद्रमार्गे परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर चतुर्थीच्या कितीतरी आधी बांधून तयार ठेवाव्या लागतात. बऱ्याच मूर्ती रंग न देता, कच्च्या स्वरूपातच अन्य जिल्ह्यांतील व्यापाऱ्यांना विकल्या जातात. पावसाळा सुरू होईपर्यंत घडणीचे मोठे काम संपलेले असते आणि उरतात ती रंगकामाची घाई आणि पोहोचवणीची धावपळ. रंगकामात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. घरकाम आणि शेतीची लावणी सांभाळून मिळणारी ही मजुरी अनेक घरांत पावसाळ्याचा खर्च भागवते.

प्लास्टर ऑफ पॅरिसने पेणमध्ये पाय रोवले, त्याचे कारण याच वेळापत्रकात आहे. जिप्सम सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की हे प्लास्टर मिळते. त्यात पाणी मिसळून रबरी साच्यात ओतले की ते काही मिनिटांत घट्ट होते आणि साचा पुढच्या मूर्तीसाठी मोकळा होतो. शाडूची मूर्ती मात्र वाळायला काही दिवस लागतात, दमट हवेत त्याहून अधिक. ती घाईने वाळवली तर तडकते, प्रवासात चटकन दुखावते आणि वजनाने भारी असल्याने फार उंच करणे अवघड असते. प्लास्टर हलके, टणक आणि स्वस्त ठरले. ज्या कोकणात जून ते सप्टेंबर हवेत ओल भरून राहते, तेथे वाळण्याच्या वेळेतून सुटका करणारे साहित्य लोकप्रिय झाले यात नवल नाही. घर हाच कारखाना असलेल्या लहान मूर्तिकाराला याच साहित्यामुळे मोठ्या संख्येने मूर्ती काढणे शक्य झाले.

याचा अर्थ प्लास्टरवरील आक्षेप पोकळ आहेत असा नव्हे. घट्ट झालेले प्लास्टर म्हणजे पुन्हा जिप्समच. एक लिटर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. त्यामुळे तलावात वा खाडीत सोडलेली मूर्ती दीर्घकाळ तशीच पडून राहते. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर दिसणारे भग्न अवशेष हे त्याचे विषण्ण करणारे दृश्य. रासायनिक रंगांतील घातक घटकांची भर वेगळीच. ज्या गावाचे जीवन नदी आणि खाडीवर अवलंबून आहे, त्याला पाण्याच्या प्रदूषणाचे गांभीर्य शहराने शिकवण्याची गरज नाही.

प्रश्न निर्णयाचा नसून तो कधी आणि कसा घेतला जातो याचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती विसर्जनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २०१० मध्ये जारी केली. पुढील दशकभर त्यांची अंमलबजावणी ढिलाईनेच झाली. १२ मे २०२० रोजी सुधारित तत्त्वे आली आणि त्यात प्लास्टरच्या मूर्तींना मज्जाव करण्यात आला. त्या वर्षीची चतुर्थी होती २२ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या १०२ दिवसांवर. कारखान्यांत तयार माल पडून होता आणि त्यात टाळेबंदी. त्याच महिन्यात केंद्राने अंमलबजावणी वर्षभर पुढे ढकलली. जुलैमध्ये राज्य सरकारने कोरोनाच्या कारणास्तव सार्वजनिक मूर्ती चार फुटांची आणि घरगुती दोन फुटांची असावी असे जाहीर केले. तोवर उंच मूर्ती घडवून झाल्या होत्या.

२०२५ मध्ये याचीच पुनरावृत्ती झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ३० जानेवारी रोजी बंदीच्या काटेकोर अंमलबजावणीचा अंतरिम आदेश दिला. माघी गणेश जयंती १ फेब्रुवारीला होती. मंडपात आलेल्या मूर्तींचे करायचे काय, असा पेच त्यामुळे मुंबईतील मंडळांपुढे उभा राहिला. भाद्रपदासाठीचे काम तर पेणमध्ये तेव्हा ऐन भरात होते. मूर्तिकारांनी काम थांबवायचे की चालू ठेवायचे, याचे उत्तर पुढील चार महिने कोणाकडेच नव्हते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे राज्याने हा विषय सोपवला. ९ जून रोजी न्यायालयाने मूर्ती घडवण्यास आणि विकण्यास मोकळीक दिली. मात्र नैसर्गिक जलस्रोतांतील विसर्जनाला मनाई कायम ठेवली. २४ जुलैच्या आदेशाने सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच करण्याचे आणि त्याहून उंच मूर्तींना मार्च २०२६ पर्यंत नैसर्गिक पाण्यात मुभा देण्याचे ठरले. तेव्हा चतुर्थीला ३४ दिवस उरले होते. त्याच जुलै महिन्यात गणेशोत्सवाला 'राज्य महोत्सव' म्हणून घोषित करण्यात आले होते.

या घटनाक्रमात प्रत्येक संस्थेने आपल्या परीने योग्य तेच केले, असे म्हणता येईल. न्यायालयापुढे जेव्हा याचिका येते तेव्हाच ते निर्णय देते. मंडळ शास्त्रीय निकष सांगते. सरकार मधला मार्ग शोधते. परंतु अनिश्चिततेची किंमत यांपैकी कोणीही मोजत नाही. ती मोजतो तो मूर्तिकार. दिवाळीनंतर त्याने कर्ज काढून कच्चा माल भरलेला असतो, कारागिरांना उचल दिलेली असते. जानेवारीत बंदी आणि जूनमध्ये परवानगी असा झोका बसला की व्यापारी नोंदणी लांबवतो आणि भाव पाडून मागतो. मोठ्या कार्यशाळा शाडू आणि प्लास्टर असे दोन्ही पर्याय हाताशी ठेवू शकतात. एका खोलीत साचे आणि ओसरीवर रंगकाम करणाऱ्या कुटुंबाला तशी चैन परवडत नाही. परिणामी पुढील वर्षीही तो जे ठाऊक आहे तेच करतो. धोरणाची धरसोड अशा रीतीने प्लास्टरलाच बळ देते.

त्यात जागेचा प्रश्न आहे. शाडूकडे वळायचे तर वाळवणीसाठी पावसापासून सुरक्षित, हवेशीर आणि मोठी जागा लागते. नेमकी तीच पेण परिसरात दुर्मीळ होत चालली आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून मुंबई या भागाच्या आणखी जवळ आली. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रासाठी नवनगर विकास प्राधिकरण म्हणून 'एमएमआरडीए'ची नेमणूक झाली. जमिनीला सोन्याचा भाव येऊ लागला की वर्षातले आठ महिने मूर्तींच्या रांगा मांडून ठेवण्यासाठी पडवी किंवा खळे राखणे हा व्यवहार तोट्याचा ठरतो. तरुण पिढीपुढे नवी मुंबईतील नोकरीचा पर्याय असतोच.

शाडू हा सर्व दुखण्यांवरचा उतारा आहे, असेही मानण्याचे कारण नाही. पेणला लागणारी शाडू माती प्रामुख्याने गुजरातमधील भावनगर परिसरातून येते. ती पाण्यात विरघळत नाही, तर सुटी होऊन तळाशी बसते. लाखो मूर्तींसाठी दरवर्षी नवी माती खणून आणायची आणि जलाशयांच्या तळाशी गाळ म्हणून सोडायची, हा मार्गही दीर्घकाळ टिकणारा नाही. पुण्यात विसर्जनानंतरची माती गोळा करून ती मूर्तिकारांना परत देण्याचे प्रयोग झाले आहेत. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरची लहान मूर्ती विरघळवण्याची पद्धत पुढे आणली. त्यातून चुनखडीसारखा साका आणि खत म्हणून वापरता येणारे अमोनियम सल्फेट मिळते. मुंबई महापालिकेने मूर्तिकारांना मोफत शाडू माती पुरवली. हे सारे प्रयत्न स्तुत्य आहेत. परंतु ते महानगरांच्या हद्दीत घडतात. मूर्ती पेणहून शहरात येते, माती मात्र पेणला परत जात नाही.

म्हणूनच या प्रश्नाची सोडवणूक मूर्तिकारांच्या पंचांगानुसार व्हायला हवी. चतुर्थी कधी येणार हे पंचांगाला कित्येक वर्षे आधी ठाऊक असते. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती, तर अधिक ज्येष्ठामुळे २०२६ साठी १४ सप्टेंबर ही तारीख पंचांगात आधीच ठरलेली होती. तेव्हा 'वेळ अपुरा पडला' ही सबब सरकारला शोभत नाही. साहित्य, उंची आणि विसर्जन यांविषयीचे नियम आदल्या दसऱ्यापूर्वी जाहीर व्हावेत आणि ते त्या हंगामापुरते बदलू नयेत, एवढे जरी झाले तरी निम्मा तिढा सुटेल. त्याच्या जोडीला पेण आणि हमरापूर परिसरात सामाईक वाळवणी-गोदामे, शहरांतील कृत्रिम तलावांतून निघालेली माती परत आणण्याची व्यवस्था आणि दिवाळीच्या सुमारास मिळणारे हंगामी कर्ज यांची तरतूद व्हावी. नवनगराच्या आराखड्यात गृहसंकुलांबरोबर मूर्तिकारांच्या कारखान्यांसाठी जागा राखणेही अवघड नाही.

ग्राहकाचीही काही जबाबदारी आहे. पर्यावरणपूरक मूर्ती हवी पण ती उंच, हलकी आणि स्वस्तही हवी, हा आग्रह परस्परविसंगत आहे. शाडूच्या मूर्तीत वाळवणीचे दिवस, तुटफुटीचा धोका आणि कारागिराची जादा मजुरी गुंतलेली असते. तिची किंमत देण्याची आणि एक फुटाच्या मूर्तीवर समाधान मानण्याची तयारी घरांनी दाखवली, मंडळांनी उंचीची चढाओढ सोडली आणि दोघांनीही नोंदणी श्रावणाऐवजी माघात केली, तर मूर्तिकाराला बदलाचे धाडस करता येईल. अन्यथा समुद्र स्वच्छ ठेवण्याचा सारा खर्च भोगावतीकाठच्या एका गावावर टाकून महानगरे उत्सव साजरा करत राहतील. तो खर्च पेलण्याची ताकद त्या गावात फार काळ उरणार नाही.