जहाज मोडीत निघाले, माणसे उरली

डिसेंबर उजाडला की देशाला आपल्या नौदलाची आठवण होते. ४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ साली त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर केलेल्या हल्ल्याचे ते स्मरण. ९ डिसेंबरला 'खुकरी'च्या हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, आणि १९ डिसेंबरला गोमंतक आपला मुक्तिदिन साजरा करतो. एकेकाळी एकाच जहाजावर नोकरी केलेल्या निवृत्त नाविकांचे स्नेहमेळावेही अधूनमधून भरत असतात. पण ते बहुधा मुंबई, कोची, विशाखापट्टणम् अशा नौदलाच्या शहरी. असे मेळावे समुद्र सोडून आत, बऱ्हाणपुरासारख्या गावीही भरले पाहिजेत, असे आमचे मत आहे. सूचना प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल. परंतु तिच्यामागील कारणे मुळीच तशी नाहीत.

भूदलातील जवानाला पलटण असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई निवृत्त झाला तरी बेळगावचे केंद्र त्याचे राहते, आणि सातारा जिल्ह्यातील अपशिंग्यासारख्या गावी परतला तर त्याला शेजारीपाजारीच जुने फौजी भेटतात. नाविकाचे तसे नाही. नौदलात प्रदेशवार पलटणी नाहीत. एका जहाजावर मल्याळी, पंजाबी, बंगाली, तेलुगू, मराठी असे सारे एकत्र येतात, एका मेसमध्ये जेवतात, पाळीपाळीने पहारा देतात आणि नोकरीची वर्षे संपली की चार दिशांना पांगतात. मागे राहते ते जहाज. पण जहाजालाही आयुष्याची मर्यादा असते. विमानवाहू 'विक्रांत' ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवामुक्त झाली, पुढे २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि अखेर लिलावात विकली जाऊन २०१४ साली मोडीत निघाली. २०२२ साली तिचे नाव नव्या जहाजाला मिळाले, हे उचितच झाले. परंतु जुन्या 'विक्रांत'च्या नाविकाला परत जाऊन उभे राहावे अशी जागा उरली नाही. त्याची पलटण म्हणजे त्याचे पांगलेले सोबती, एवढेच.

बऱ्हाणपूरच का, असे कोणी विचारील. तापीकाठचे हे शहर समुद्रापासून दूर असले तरी समुद्राला अनोळखी नाही. मोगलाईत सुरतेहून आग्र्याकडे जाणारा व्यापारी मार्ग येथूनच जाई, आणि येथील कापड सुरतेस पोहोचून गलबतांवर चढे. १६१५ साली इंग्रजांचा वकील टॉमस रो सुरतेस उतरून बादशहाच्या भेटीस निघाला, तोही बऱ्हाणपुरावरूनच. पण इतिहासापेक्षा भूगोल येथे अधिक महत्त्वाचा. महाराष्ट्राची सीमा हाकेच्या अंतरावर आहे, मराठी येथे घरोघरी बोलली जाते, आणि भुसावळ-खंडवा लोहमार्ग गावाजवळून जातो. जळगाव, भुसावळ वा खंडवा येथील वृद्ध नाविक सकाळी निघून रात्री घरी परतू शकेल. कोचीचा मेळावा त्याच्या दृष्टीने निमंत्रणपत्रिकेवरच राहतो. नौदलात जाणारा प्रत्येक मुलगा कोळ्या-खारव्याच्या घरातला नसतो; केळीच्या बागांतून आणि मागांच्या खडखडाटातूनही मुले समुद्रावर जातात आणि म्हातारपणी तेथेच परततात.

हे मेळावे म्हणजे निवृत्तांची करमणूक, असा एक आक्षेप घेतला जातो. जुन्या गप्पा, फोटो आणि जेवणावळ एवढ्यावरच ते संपत असतील तर आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु एक उदाहरण पाहावे. जुन्या पद्धतीत नाविकाने दहा वर्षे प्रत्यक्ष सेवा करावी, पुढे दहा वर्षे राखीव दलात राहावे आणि त्यावर निवृत्तिवेतन मिळवावे, अशी व्यवस्था होती. ३ जुलै १९७६ पासून राखीव दलात घेणे बंद झाले. १९७१ चे युद्ध पाहिलेले कित्येक नाविक त्यामुळे निवृत्तिवेतनाविना घरी आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. राखीव दलात न घेतलेल्यांचा राखीव निवृत्तिवेतनावर हक्क नाही, असे न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ठरविले; पण त्या तारखेपूर्वी भरती झालेल्या आणि पहिली मुदत त्यानंतर संपलेल्या नाविकांना प्रकरणपरत्वे विशेष निवृत्तिवेतन मिळू शकेल, असेही सांगितले. हा निकाल बऱ्हाणपूरच्या एखाद्या गल्लीत राहणाऱ्या वृद्धाला कोणी सांगावा? निवृत्तिवेतनाची 'स्पर्श' ही संगणकीय व्यवस्था आली, तिच्यात हयातीचा दाखला दरवर्षी नोंदवावा लागतो. ते त्याच्या विधवेला कोणी समजवावे? सैनिक कल्याण कार्यालये आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. पण कार्यालय विचारणाऱ्यालाच उत्तर देते. काय विचारावे हे ज्याला ठाऊक नाही, त्याचे दार ठोठावणारा लागतो तो जुना सोबतीच.

दुसरे कारण स्मृतीचे आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या 'तलवार' केंद्रावरून नाविकांचा उठाव सुरू झाला. हजारो नाविक त्यात उतरले आणि शेकडोंना नोकरी गमवावी लागली. बी. सी. दत्त यांच्यासारख्या एखाद्याने पुस्तक लिहिले म्हणून त्याची हकीकत राहिली. बाकी बहुतेकांची कहाणी त्यांच्याबरोबरच गेली. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाचे ते नुकसान आता भरून येणे नाही. पण १९६१ आणि १९७१ चे साक्षीदार अद्याप सारेच गेलेले नाहीत.

आणि येथे गोमंतकावर एक ऋण आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी अंजदीव बेटावर उतरलेल्या तुकडीतील सात नाविकांनी प्राण दिले. त्याच दिवशी मुरगाव बंदरात 'बेतवा' आणि 'बियास' यांनी पोर्तुगीजांच्या 'अफोन्सो द अल्बुकर्क'ला गाठले. ज्या मध्य प्रदेशाला समुद्र नाही, त्याच्या नदीचे नाव मिरवीत 'बेतवा' आमच्या दाराशी आली होती! दहा वर्षांनी 'खुकरी' बुडाली ती दीवजवळच, आणि दीव तेव्हा आमच्याच संघप्रदेशात होते. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविक तिच्याबरोबर गेले. जे वाचले त्यांचा मेळावा ही करमणूक नव्हे. ती हजेरी असते, आणि दर खेपेस तिच्यात एखादे नाव कमी होते.

आमच्या सूचना साध्या आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी निवृत्त नाविकांची नोंद जहाजवार ठेवावी, म्हणजे खंडव्याच्या नाविकाला अकोल्याचा सोबती सापडेल. जेथे मेळावा भरेल तेथे निवृत्तिवेतनाची प्रकरणे पाहणारा जाणकार अधिकारी दिवसभर बसवावा. वृद्ध नाविकांच्या हकीकती त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित कराव्यात. आणि गोवा सरकारने मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या नाविकांना पणजीस बोलावून शाल देण्यावर समाधान मानू नये. ज्यांना येववत नाही त्यांच्या गावी आपला प्रतिनिधी पाठवावा. १९६१ साली अठरा वर्षांचा असलेला नाविक आज ऐंशी ओलांडून गेला आहे. ते एकदा समुद्रावरून आमच्याकडे आले होते. आता रेल्वेने त्यांच्याकडे जाण्याची पाळी आमची आहे, आणि तिला विलंब परवडणारा नाही.